हत्ती ई-पाच

नवा प्रोग्रॅम आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला :
तेविसावी खेळी, पांढऱ्याची. बोल.
सोंगट्या मांडायला कागद लागत नाही,
कागद महापुरात गेला, एकोणीस साली,
शाई आणि कृष्णा एक झाल्या.
मांडणी तेवढी राहिली.

पांढरा : बाहुबली मगदूम, हळदीच्या पेठेत तोलार.
काळा : मी.
सांगली, मे महिना, हॉलमध्ये एकच पंखा
आणि तोही पंचांच्या डोक्यावर.

मगदूम चाळीस मिनिटं बसून राहिला.
चहावर साय धरली.
मागे कुणीतरी भडंगाची पुडी उघडली,
तो कागद अजून कानात वाजतो.
मग त्याने हत्ती उचलला
आणि माझ्या उंटाच्या तोंडात ठेवला,
पोतं काट्यावर ठेवावं तसा, न आपटता.

शह नाही, धमकी नाही, पुढे काही दिसेना.
मी मारला. कुणीही मारला असता.
त्याच्या प्याद्याने माझा उंट घेतला,
घोडा येऊन डी-सहावर बसला
आणि उठलाच नाही.
माझे दोन्ही हत्ती कोपऱ्यात,
साखळी नसून बांधलेले.
एकेचाळिसाव्या खेळीला मी हात पुढे केला.

पहिलं यंत्र विश्रामबागेतल्या क्लासमधलं,
फ्लॉपीवर चालणारं, तासाला पंधरा रुपये.
तीन मिनिटांत निकाल : घोडचूक.
काळा दीड प्याद्याने पुढे.
दुसरं भाच्याच्या टेबलावर रात्रभर घरघरत ठेवलं,
पहाटे भारनियमनात गेलं,
जाता जाता तेही म्हणालं, मगदूम चुकला.
मग सीडीवरचं. मग मोबाइलवरचं.
वीस-पंचवीस वर्षं सगळी यंत्रं
माझ्या बाजूने साक्ष देत होती
आणि मला एकाचंही पटत नव्हतं.
त्या घोड्याखाली मी अठरा खेळ्या काढल्यात,
त्यांनी नाही.

हरिपूरला पूर्वी हळद पेवात ठेवत.
वर नुसती माती. माणसं चालत जायची, बैल जायचे,
पायाखाली किती पोती आहेत ते
ज्याने पुरली त्यालाच ठाऊक.
यंत्रं वरून चालत गेली, एवढंच.

परवा नातीने नवं टाकून दिलं.
सुरुवात तीच : काळा पुढे, एक पूर्णांक चार.
मी उठणार होतो. तेवढ्यात एक.
मग पाऊण.
पुराच्या दिवसांत आयर्विनचा आकडा बघत
अख्खी गल्ली जागी असते ना, तसा बसलो.
अर्धा. पाव. कितीतरी वेळ पावच.
शून्य.
मग चिन्ह बदललं, पांढरा पुढे,
आणि मी टाळी वाजवली.
शाल्मली म्हणाली, आबा, तुम्ही हरताय.
म्हटलं, हो. बघ ना!

संध्याकाळी मगदूमला फोन लावला.
त्याला ऐकू कमी येतं, ओरडून सांगितलं,
तुझी खेळी बरोबर होती!
कुठली?
हत्ती ई-पाच. चाळीस मिनिटं घेतलीस.

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही.
मग म्हणाला, अरे, त्या दिवशी
पेठेच्या हिशेबात तेरा किलो कमी येत होते.
तेच शोधत बसलो होतो.
घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा उशीर झालेला,
म्हटलं जाऊ दे, हत्तीच देऊन टाकू.

सापडले का तेरा किलो?

नाही बा, म्हणाला.
तुझं ते यंत्र बघेल का?